उलटी लागलेली पट्टी

त्या रविवारी टीव्हीकाकांनी सकाळी दात घासतानाच ठरवून टाकलं, की आज संध्याकाळी टीव्हीमागची ती पट्टी उचकटून काढायची. बायको काय म्हणेल ते म्हणो. पंधरा दिवस खूप झाले. त्यांनी इतक्या रागाने चूळ थुंकली की आरशावर शिंतोडे उडाले, आणि ते पुसताना त्यांना आणखी राग आला.

पट्टी म्हणजे बोटभर रुंदीची, बारीक दिव्यांनी भरलेली लांबलचक फीत. ती टीव्हीच्या पाठीवर कडेकडेने चिकटवायची, टीव्हीच्या डोक्यावर अंगठ्याएवढा कॅमेरा बसवायचा, आणि मग तो कॅमेरा वरून वाकून पडद्याकडे बघत बसतो. पडद्याच्या ज्या कडेला जो रंग, त्या कडेमागच्या भिंतीवर तोच रंग. समुद्र आला की भिंत निळी, आग लागली की भिंत लाल, आणि जाहिराती सुरू झाल्या की भिंतीला नुसतं वेड लागतं. जावयाने ही वस्तू सासूबाईंना भेट म्हणून आणली होती आणि काका बाजारात गेलेले असताना लावूनही टाकली होती. काकांच्या घरात, काकांच्या टीव्हीला, काकांना न विचारता!

आणि काका म्हणजे कोण? चाळीस वर्षं टीव्हीदुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. गल्लीतली पोरं त्यांना टीव्हीकाका म्हणायची. पुढे त्या पोरांना पोरं झाली आणि तीही टीव्हीकाकाच म्हणू लागली. लाकडी पेटीतल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीपासून भिंतीला टांगायच्या पातळ टीव्हीपर्यंत सगळ्या जाती त्यांच्या टेबलावर पालथ्या पडून गेल्या होत्या. त्या चाळीस वर्षांत टीव्हीच्या मागून उजेड येताना त्यांनी दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा वाळूची बादली घेऊन धावावं लागलं होतं. टीव्हीच्या मागून उजेड ही त्यांच्या लेखी बिघाडाची खूण होती. तिला कुणी शोभा म्हणावं आणि वर आपल्या घरात लावावं, म्हणजे हद्द झाली.

दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती, पण दुकानातला एक नियम ते अजूनही भेटेल त्याला ऐकवत. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही. त्याला पार्टचं नाव माहीत नसतं, तो भलत्याच जागी बोट ठेवतो, पण त्याची तक्रार खरी असते. चित्र नाचतंय म्हणाला तर काहीतरी नाचत असतंच. काय नाचतंय ते शोधायचं काम आपलं. हा नियम मोडला म्हणून त्यांनी कारागिरांना गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं होतं. एकाला तर कामावरून काढलं होतं, आणि तो चांगला कारागीर होता.

आता त्या पट्टीत बिघाड होता, आणि तो काकांना पहिल्याच दिवशी कळला होता. जावयाने पट्टी उलटी लावली होती. कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची ते सोबतच्या कागदावर टीव्हीची पाठ दाखवून सांगितलेलं असतं. या शहाण्याने ते चित्र पुढून आहे असं समजून सुरुवात केली. त्यामुळे पडद्यावर सूर्य उजवीकडे बुडाला, की भिंतीवर डावीकडे नारिंगी उजेड पडायचा. वरचं वर, खालचं खाली, पण डावं-उजवं सगळं अदलाबदल. काकांनी ते पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसले. सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण सांगायचं कशाला? पुढच्या खेपेला जावई आला, चहा घेता घेता फुशारकी मारायला लागला, की अगदी सावकाश विचारायचं, "काय हो जावईबापू, तुमच्या गावात सूर्य दोन्हीकडे मावळतो का?" हे वाक्य त्यांनी घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. त्या एका वाक्यासाठी ते पंधरा दिवस थांबले होते.

जावई मात्र येत नव्हता. आणि तोवर काकूंनी त्या पट्टीचं असं काही कौतुक चालवलं होतं, की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

काकूंचं आणि टीव्हीचं खरं तर कधीच फारसं सूत नव्हतं. त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. पडदे, गाद्यांच्या खोळी, गणवेश, गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातची शिवण होती. शिलाईची रेघ सुतभर जरी वाकडी गेली, तरी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळायची. त्यांना आवडायचा तो एकच कार्यक्रम, रविवारी सहा वाजताची प्रश्नमंजूषा. दोन टेबलं, एक लाल, एक निळं, आणि मध्ये प्रश्न विचारणारा. स्पर्धकाने तोंड उघडायच्या आत काकू हातातलं काम न सोडता उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. गेल्या वर्षभरात मात्र त्यांनी मशीनवर झाकण घालून ठेवलं होतं. हात दुखतात म्हणाल्या. काकांना त्या मशीनच्या खडखडाटाचा उबगच आला होता, त्यामुळे त्यांनी जास्त चौकशी केली नाही. प्रश्नमंजूषेतही काकूंचा जीव रमेनासा झाला होता. अर्ध्यातून उठून जायच्या, भांडी घासत बसायच्या.

आणि पट्टी लागल्यापासून बाई रोज टीव्हीसमोर! बातम्या, मासे, जंगलं, काय लागेल ते. खुर्चीत बसायच्या, मान जराशी वाकडी करून, जणू पडद्याशी भांडण झालंय. "किती छान," म्हणायच्या. काका विचारायचे, "काय छान?" तर म्हणायच्या, "सगळंच." जावयाने आणलेल्या दिडदमडीच्या दिव्यांना छान आणि नवऱ्याने चाळीस वर्षं लोकांच्या घरात चित्रं जिवंत केली त्याला कधी चकार शब्द नाही. काकांच्या मनाला ते लागलं होतं. ते राग म्हणूनच दाखवता येत होतं, त्यामुळे तसंच दाखवलं.

"आज ती पट्टी काढणार आहे मी," दुपारच्या जेवणात ते म्हणाले.

काकूंचा हात ताटावर थांबला. "हात लावायचा नाही."

"माझा टीव्ही आहे."

"असू दे तुमचा. पट्टी माझी आहे, मला दिलीय." आणि मग त्या अशा आवाजात बोलल्या, की काकांनी तो आवाज लग्नानंतर दोन-तीनदाच ऐकला असेल. "अहो, एवढी एक गोष्ट राहू द्या मला. बाकी मी तुमच्याकडे काही मागत नाही. ती पट्टी काढलीत ना, तर मी परत या टीव्हीसमोर बसणार नाही. मरेपर्यंत नाही."

"बसू नकोस! कोण अडलंय?" काका ओरडले आणि ताट पुढे ढकलून उठले.

पण मरेपर्यंत हा शब्द दुपारभर त्यांच्या डोक्यात घुमत राहिला. दिव्यांच्या फितीसाठी कुणी असं बोलतं?

तशी बाई वर्षभर वाकड्यातच शिरत होती, असं काकांचं मत होतं. सुरुवात झाली चौदा महिन्यांपूर्वी. एका रविवारी म्हणाल्या, "अहो, टीव्हीत मध्ये डाग आलाय बघा. त्या माणसाचा चेहराच दिसत नाही." डाग! काकांच्या टीव्हीत! त्यांनी टीव्ही खाली उतरवला, पाठ उघडली, दोन तास खपले. पडदा पांढरा करून पाहिला, काळा करून पाहिला, लाल, हिरवा, निळा. एक टाचणीएवढा ठिपका नव्हता. मग त्यांनी काकूंना बोलावून पडद्यासमोर उभं केलं. "दाखव. कुठंय डाग? दाखव ना!" काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नसेल." तेव्हा काका काय काय बोलले होते ते इथे सांगण्यासारखं नाही. चाळीस वर्षांच्या कामावर घरच्याच माणसाने डाग लावला, असा एकूण सूर होता.

त्यानंतर महिनाभराने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. "चौकट वाकली आहे हो मधोमध," काकू म्हणाल्या. काकांनी न बोलता लेव्हल आणली, चौकटीला लावली. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या अगदी मध्ये जाऊन बसला. "बघ!" ते म्हणाले. "हा बुडबुडा कुणाच्या बापाचा नोकर नाही. चौकट सरळ आहे. वाकडं दुसरंच काहीतरी आहे." काकूंनी बुडबुड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि कामाला लागल्या. पुन्हा त्यांनी घरातल्या कुठल्याच गोष्टीबद्दल तक्रार केली नाही. काकांनी तो आपला विजय मानला होता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना काकूंनी पडदे ओढून खोली अंधारी केली. काका कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि कपाळावरच्या आठ्या घेऊन आपल्या खुर्चीत बसले. मनात म्हणाले, पहिली फेरी होऊ दे, मग बघतो.

कार्यक्रम सुरू झाला. आज डावीकडे लाल टेबलामागे एक जाडजूड वकील होते, उजवीकडे निळ्या टेबलामागे एक तरुण परिचारिका. भिंतीवर अर्थातच उलटं, डावीकडे निळा उजेड, उजवीकडे लाल. पहिल्या प्रश्नाला घंटा वाजली. बाईच्या आवाजात उत्तर आलं, बरोबर निघालं, टाळ्या पडल्या, आणि परिचारिकेचं निळं टेबल झगमगलं. भिंतीची डावी बाजू निळ्याने उजळून निघाली.

"डावीकडची जिंकणार आज," काकू खुशीत म्हणाल्या.

"डावीकडे वकील आहे," काका म्हणाले.

"नाही हो, डावीकडे ती बाई आहे. निळी."

काकांनी दात-ओठ खाल्ले. गेले दोन रविवार हेच चाललं होतं. डावीकडे म्हणायचं ते उजवीकडे, उजवीकडे म्हणायचं ते डावीकडे. मुद्दाम, चिडवायला. "अगं, निळं टेबल उजवीकडे आहे. डोळे आहेत ना तुला?"

"डावीकडे आहे," काकू शांतपणे म्हणाल्या आणि डाव्या हाताने भिंतीकडे बोट केलं.

झालं. काका ताडकन उठले. रिमोट उचलून आवाज बंद केला, कारण त्यांना जे बोलायचं होतं त्यात दुसऱ्या कुणाचा आवाज नको होता. "पंधरा दिवस!" ते गरजले. "पंधरा दिवस बघतोय हा तमाशा! मी म्हणेन पूर्व तर तू म्हणणार पश्चिम. जावयाने चार दिवे आणले तर तो मोठा शास्त्रज्ञ आणि मी कोण? हमाल? उलटी लावलीय त्याने पट्टी, उलटी! डावं-उजवं कळत नाही त्या गाढवाला, आणि तुलाही कळत नाही!"

"अहो, नका..." काकू अर्धवट उठल्या.

काकांनी टीव्हीमागे हात घातला आणि पट्टीची पिन उपटली.

भिंत काळी झाली. पडद्यावर त्याच वेळी प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा आला होता, काळ्या पार्श्वभूमीवर, मध्यभागी, चांगला परातीएवढा. ओठ हलत होते, आवाज बंद होता.

काकू उभ्या राहिल्या होत्या. हात पुढे करून, खुर्चीचा दांडा चाचपत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पडद्याच्या उजेडात स्पष्ट चमकत होतं.

"टीव्ही कशाला बंद केलात?" त्या म्हणाल्या. "पट्टी काढायची होती ना? मग टीव्ही का बंद केलात?"

काकांनी वळून पडद्याकडे पाहिलं. टीव्ही चालू होता. त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, लख्ख चालू होता.

मेकॅनिकच्या डोक्याला एक सवय असते. हात थांबले तरी ते थांबत नाही. तक्रार काय आहे? डावं-उजवं उलटं दिसतं. या खोलीत डावं-उजवं उलटं दाखवणाऱ्या वस्तू किती आहेत? एक. म्हणजे गिऱ्हाईक पडदा बघत नाहीये. गिऱ्हाईक भिंत बघतंय. पंधरा दिवस ही बाई खोटं बोलत नव्हती. भिंतीवर जे दिसत होतं ते जसंच्या तसं सांगत होती. मग पडद्यावर तिला काय दिसत होतं?

त्यांनी पिन परत लावली नाही. टीव्हीखालचा खण उघडला. जावयाने पट्टीची सगळी अडगळ तिथे टाकली होती, आणि त्यात ते नारिंगी रंगाचे सात चिकट तुकडे होते, बिस्किटाच्या आकाराचे. पट्टी लावताना ते पडद्यावर चिकटवायचे असतात, म्हणजे कॅमेऱ्याला पडद्याच्या कडा कुठे आहेत ते कळतं. चार कोपऱ्यांत चार, वर मध्यभागी एक, खाली मध्यभागी एक आणि पडद्याच्या ऐन मधोमध एक. काकांनी पडदा सगळा पांढरा केला, आणि ते सातही तुकडे जिथल्या तिथे चिकटवले.

"बस," ते म्हणाले. "खुर्चीत बस. सरळ समोर बघ. मान वाकडी करू नकोस. मी पडद्यावर तुकडे लावलेत. किती आहेत?"

"आता हे काय नवीन?"

"किती आहेत ते सांग!"

काकूंनी सरळ बघितलं. "चार," त्या म्हणाल्या. "चार कोपऱ्यांत चार."

"मध्ये?"

"मध्ये काही नाही." मग त्या हळूच म्हणाल्या, "मध्ये धूर आहे. मध्ये नेहमीच धूर असतो."

काकांना असा राग आला, की आजवरचे सगळे राग त्याच्यापुढे लटके वाटावेत. "धूर!" ते किंचाळले. "चौदा महिने धूर दिसतोय आणि तू बोलली नाहीस? तोंड शिवलं होतं का? मी काय मेलो होतो?"

"बोलले होते," काकू म्हणाल्या. त्याही आता चिडल्या होत्या आणि त्यांचं चिडणं काकांच्या चिडण्यापेक्षा वाईट होतं, कारण त्यात आवाज चढत नव्हता. "डाग आहे म्हणाले होते. चेहरा दिसत नाही म्हणाले होते. तुम्ही टीव्ही उघडलात. चौकट वाकली म्हणाले, तुम्ही मला बुडबुडा दाखवलात. चाळीस वर्षं मी सरळ शिवण घातली, मला चौकट वाकडी दिसत होती, आणि तुम्ही सिद्ध करून दाखवलंत की ती सरळ आहे. मग मी काय समजायचं? माझ्या आत्याला शेवटी शेवटी नसलेलं दिसायला लागलं होतं. तिला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायचे. मी लहान होते, जेवण द्यायला मलाच पाठवायचे. मला वाटलं, आपलंही तेच झालं. तुम्हीच म्हणालात ना, वाकडं दुसरंच काहीतरी आहे? म्हणून बोलले नाही. सुईत दोरा जाईना तर हात दुखतात म्हणाले. भाजी निवडताना अळ्या दिसेनात, तर तीनतीनदा धुतली. मग ती पट्टी आली. भिंतीवर एवढे मोठे मोठे रंग! कडेकडेने दिसायला लागलं मला. निळी जिंकली की निळं, लाल जिंकली की लाल. वर्षाने पहिल्यांदा मला कळत होतं, काय चाललंय ते. आणि तेही तुम्हाला बघवेना."

काकांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं की पट्टी उलटी आहे. दहा मिनिटांचं काम. एका टोमण्यासाठी त्यांनी तिला पंधरा दिवस उलटं जग बघू दिलं होतं, आणि ते बघितल्याबद्दल तिच्यावरच ओरडले होते.

ते वळले. टीव्ही पुढे ओढला. पट्टी एका टोकापासून सोलत सोलत काढली. जुना गोंद जिथे निघाला तिथे आपल्या खणातली दुहेरी चिकटपट्टी लावली, आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करून पट्टी पुन्हा बसवली. कोपऱ्यांवर अंगठा दाबून धरताना ते तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत होते. काकूंना वाटलं जावयाला शिव्या चालल्यात. त्या जावयाला नव्हत्या. कार्यक्रमाची शेवटची फेरी उरली होती. नारिंगी तुकडे काढून त्यांनी पडद्यावर कार्यक्रम परत आणला, पिन लावली, आवाज सोडला.

भिंत उजळली. डावीकडे लाल, उजवीकडे निळी.

"आता सांग," काका म्हणाले.

"वकील डावीकडे," काकू म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने डोळे पुसले. "बरोबर?"

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी दोघं बाहेर उभी होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी काकूंच्या डोळ्यांत थेंब टाकले, हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावून आतले फोटो काढले, आणि एक चौकटीचौकटीचा कागद दाखवून विचारलं, रेघा सरळ दिसतात का? "मध्ये वाकतात," काकू म्हणाल्या. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो कागद बघत होते. सगळ्या रेघा सरळ होत्या. घरी लेव्हल लावली असती तर बुडबुडा मधोमध बसला असता.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मध्यभागी, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. इंजेक्शनं द्यावी लागतील, आजपासूनच. डावा डोळा बराच गेलाय. तिथलं मधलं परत येणार नाही. उजव्यातलं थोडं वाचवता येईल, पण किती ते आत्ता सांगत नाही. हा आजार लवकर कळला तर बरंच हातात असतं." त्यांनी पेन उचललं. "त्रास कधीपासून आहे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या बाहुल्या औषधाने मोठ्या झाल्या होत्या आणि त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"झाले असतील पंधरा-वीस दिवस," काकू म्हणाल्या. "आधी काही लक्षातच आलं नाही. आल्याबरोबर हे घेऊन आले मला."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"खोटं!" काका ओरडले. स्टूल मागे कलंडलं. "साफ खोटं बोलतेय ही! चौदा महिने झाले, चौदा! लिहा ते! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने, मध्ये डाग आहे म्हणून, माणसाचा चेहरा दिसत नाही म्हणून. इतकी नेमकी तक्रार मला जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाने दिली नव्हती. माझ्याकडे दिली होती! आणि मी काय केलं? मी टीव्ही उघडला! चाळीस वर्षं लोकांना अक्कल शिकवली, तक्रार खोटी नसते म्हणून, एका माणसाला त्यापायी कामावरून हाकललं, आणि घरच्या बाईने तक्रार केली तर मी भलतंच यंत्र उघडून बसलो! वर तिलाच वाकडी ठरवली! मूर्ख, गाढव, आंधळा! मी आंधळा, ती नाही! लिहा!"

बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. "आजोबा, हा दवाखाना आहे. इथे असा आरडाओरडा करायचा नाही."

"ओरडू द्या त्यांना, डॉक्टर," काकू म्हणाल्या. त्यांनी मान जराशी वाकडी केली, काकांना डोळ्याच्या कडेने बघता यावं म्हणून. "आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर माणसावर ओरडताहेत."